इन्सिडेंट फॉर्म कोणी भरत नाही, तेव्हा काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शंभर खाटांचं खासगी हॉस्पिटल, एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या राष्ट्रीय मानांकनाची, तयारी सुरू आहे. चूक किंवा अपघात झाला की कळवायचे इन्सिडेंट फॉर्म प्रत्येक वॉर्डात ठेवले, स्टाफची दोन ट्रेनिंग झाली, तरी महिन्याला तीन-चारच फॉर्म येतात. तेही पेशंट पडल्याचे, नाहीतर सुई टोचल्याचे. औषधाच्या चुकीचा फॉर्म वर्षभरात एकही नाही. मागच्या महिन्यात एकीचं इंजेक्शन दुसरीला गेलं, ते नातेवाइकांनी आरडाओरडा केल्यावर कळलं आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला मेमो मिळाला. तुम्ही क्वालिटीचं काम बघता आणि विचारताय, ‘स्टाफची मानसिकता कशी बदलायची?’

मानसिकता जरा बाजूला ठेवू. आलेले फॉर्म पुन्हा एकदा बघा. पेशंट पडला तर लपवता येत नाही, नातेवाईक शेजारीच असतात. सुई टोचली तर कळवण्यात स्वतःचाच फायदा असतो: त्या पेशंटची एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तपासणी होते, स्वतःला पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्याच्या, गोळ्या मिळतात. त्या शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात. म्हणजे फॉर्म कुठे असतो आणि कसा भरायचा, हे तुमच्या स्टाफला पक्कं माहीत आहे. जिथे लपवणं अशक्य किंवा कळवणं फायद्याचं, तिथे ते भरतात. औषधाच्या चुकीत दोन्ही नाही, उलट मेमो आहे. त्यांचा हिशेब अगदी बरोबर आहे आणि तिसरं ट्रेनिंग घेऊन तो बदलणार नाही. कळवल्यावर काय होतं, तेच बदलावं लागेल.

पुढचं सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. मालक-डॉक्टर स्वतः रोज राउंड घेतात की हॉस्पिटल ट्रस्टचं आहे, सर्जन पगारावर आहेत की केस घेऊन येणारे व्हिजिटिंग, यावर बरंच ठरतं. आणि रात्री तीस पेशंटला एकच सिस्टर असेल, तर सुरक्षेच्या संस्कृतीच्या गप्पा मारण्याआधी दुसरी सिस्टर द्या. मनुष्यबळाची कमतरता पोस्टर लावून भरून निघत नाही.

सुरुवात मेमोपासून करा. चूक झाल्यावर कोणाला काय होईल, हे चूक होण्याआधीच लिहून ठेवायचं. एक पान पुरे, मराठीत, आणि खाली सही मालकांची किंवा मेडिकल डायरेक्टरची. तुमच्या सहीने काही होणार नाही. त्यात तीन गोष्टी वेगळ्या करा. नकळत झालेली चूक: शिक्षा नाही, आधार द्यायचा. सवयीने घेतलेला शॉर्टकट, म्हणजे पेशंटच्या मनगटावरचा नावाचा बँड न पाहता औषध देणं वगैरे: शिक्षा नाही, पण बसून बोलायचं, आणि सगळेच तो शॉर्टकट का घेतात ते शोधायचं. तिसरी, जाणूनबुजून केलेली बेपर्वाई: नशेत ड्यूटी, न तपासता भरलेले बीपीचे आकडे, झालेली घटना दडवणं. इथे कारवाई होणारच, तेही स्पष्ट लिहा. सगळंच माफ आहे असं कळलं तर मन लावून काम करणाऱ्या सिस्टर सगळ्यात आधी नाराज होतात.

पहिला प्रकार की दुसरा, असा वाद पडला तर एक प्रश्न विचारायचा: त्याच वेळी, तेवढ्याच पेशंटमध्ये, तितक्याच अनुभवाची दुसरी सिस्टर असती तर तिच्याकडूनही हे झालं असतं का? उत्तर ‘हो, होऊ शकलं असतं’ असं असेल, तर माणूस बदलून काही होणार नाही. मागच्या महिन्यातला मेमो या प्रश्नाला टिकत नसेल तर तो लेखी मागे घ्या आणि मागे घेतल्याचं वॉर्डात कळू द्या. नव्या धोरणाचं पान भिंतीवर आणि जुना मेमो फाइलमध्ये, असं असेल तर स्टाफ फाइलवरच विश्वास ठेवणार.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते इन्सुलिनच्या उदाहरणाने सांगतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. हॉस्पिटलच्या फार्मसीत बहुधा ४० ची व्हायल असते, पण पेशंट घरून १०० ची घेऊन येतो आणि ती वॉर्डच्या फ्रिजमध्ये त्याच कप्प्यात जाते. ऑर्डर आहे २० युनिटची. घाईत १०० ची व्हायल हाताला लागली आणि लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरली, तर अर्धा मिली गेला, म्हणजे ५० युनिट. अडीच पट. उलट झालं, ४० ची व्हायल आणि केशरी सिरिंज, तर २० ऐवजी ८ च युनिट जातात. मग सकाळी साखर ३८० येते आणि डॉक्टर डोस वाढवून ठेवतात. पुढच्या ड्यूटीने बरोबर सिरिंज घेतली की तो वाढवलेला डोस पूर्ण जातो आणि पहाटे पेशंट घामाघूम होतो.

नेहमीची चौकशी इथे ‘सिस्टरने व्हायल वाचली नाही’ यावर संपते. खरं तर चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. दोन ताकदीच्या व्हायल एका कप्प्यात का? घरून आणलेलं इन्सुलिन कोणाच्या ताब्यात असतं? स्टोअर सिरिंज कशी देतं, व्हायल बघून की शिल्लक बघून? उपाय याच प्रश्नांतून निघतात. वॉर्डात एकच ताकद ठेवा. घरचं इन्सुलिन अ‍ॅडमिशनलाच नातेवाइकांकडे परत द्या किंवा नावाचं लेबल लावून वेगळं ठेवा. व्हायल आणि सिरिंज एकाच डब्यात ठेवा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायला पूर्ण बंदी करा, कारण ते १०० चं असतं. ऑर्डरमध्ये ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजीतलं नुसतं ‘यू’ घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायचं असेल तर तिने स्वतः ऑर्डर वाचायची, व्हायल वाचायची, सिरिंजवरचा आकडा मोठ्याने सांगायचा. ‘वीस आहेत ना गं?’ ‘हो’, याला डबल चेक म्हणत नाहीत.

यात एकही उपाय ‘काळजी घ्या’ असा नाही, हे लक्षात आलं असेल. उपायांनाही ताकद असते. सर्क्युलर आणि ट्रेनिंग सगळ्यात कमजोर, चेकलिस्ट मधली, आणि चूक करणंच अशक्य होईल अशी मांडणी सगळ्यात भक्कम. पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलीचं अँप्युल घ्या, १५ टक्क्यांचं. त्यात २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं आणि ते पातळ न करता शिरेतून ढकललं तर हृदय बंद पडतं. डिस्टिल्ड वॉटरचं अँप्युलही १० मिलीचं, पारदर्शक, कधीकधी त्याच ट्रेमध्ये. अँटिबायोटिक विरघळवायला पाणी समजून ते हातात येऊ शकतं. यावर दहा लेक्चर देण्यापेक्षा जनरल वॉर्डाच्या ट्रॉलीतून ती अँप्युल उचला. फार्मसीत आणि आयसीयूत कुलपात ठेवा, लाल स्टिकर लावा, वॉर्डात लागेल तेव्हा पेशंटच्या नावाने द्या. फार्मसी रात्री बंद होत असेल तर हे जमायला वेळ लागतो, पण मग निदान वेगळा बंद डबा आणि दोघींची सही हवीच. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच: मिलीला १००० आणि ५००० युनिटच्या ५ मिलीच्या व्हायल वॉर्डात शेजारी-शेजारी नकोत.

आता फॉर्म. तुमचा फॉर्म बहुधा तीन पानी इंग्रजी असेल, ‘मूळ कारण’ आणि ‘सुधारात्मक कृती’ या रकान्यांसह. रात्रपाळी संपवून सकाळी ओव्हर देणारी, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवणारी, सिस्टर तो भरणार नाही. पाच ओळी पुरतात: काय झालं, कुठे आणि केव्हा, पेशंटपर्यंत पोचलं का, लगेच काय केलं, काय असतं तर हे टळलं असतं. मराठीत, हाताने, चुकलेल्या शुद्धलेखनासकट. कारणं शोधणं हे तुमचं काम, तिचं नाही. वॉर्डातल्या मावशी, मामा, लिफ्टमन यांनी तोंडी सांगितलं तरी नोंद तुम्ही करायची. ओली फरशी, न लागणारा स्ट्रेचरचा ब्रेक, अर्ध्यावर आलेला ऑक्सिजन सिलिंडर हे पहिलं त्यांनाच दिसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र घटना टाकू देऊ नका. पेशंटचं नाव बाहेर जातं आणि ग्रुपवर पहिला प्रश्न ‘ड्यूटीला कोण होतं?’ हाच येतो.

निनावी ठेवायचं का, हे हमखास विचारलं जातं. पेटी ठेवा, पण शंभर खाटांच्या हॉस्पिटलात निनावीपणाचं वचन देऊ नका. अक्षर आणि ड्यूटीचं रजिस्टर यावरून पाच मिनिटांत नाव कळतं. वचन द्यायचं ते गोपनीयतेचं, आणि फॉर्म ज्याच्या हातात शिक्षा नाही त्याच्याकडे गेला पाहिजे. अमेरिकेत वैमानिक १९७६ पासून आपल्या नकळत घडलेल्या चुका नासाला कळवतात. लायसन्स देणाऱ्या आणि काढून घेणाऱ्या विमान प्रशासनाकडे त्या जात नाहीत, आणि नासा नाव काढून टाकते. तुमच्याकडे फॉर्म आधी मेट्रनकडे, म्हणजे मुख्य सिस्टरकडे, आणि मग एचआरकडे जात असेल, तर तिथेच पाणी मुरतंय. तो थेट तुमच्याकडे यावा, मेट्रनना तुम्ही नाव न सांगता घटना सांगावी. मेट्रनना हे खटकेल. त्यांना वगळल्यासारखं वाटू नये म्हणून उपाय ठरवण्याच्या बैठकीत त्यांचा शब्द मोठा ठेवा.

फॉर्म आल्यावर चोवीस तासांत त्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून ‘सांगितलंत ते बरं केलंत’ एवढं म्हणा. आठवड्यात वॉर्डात डोळ्यांना दिसेल असा एक तरी बदल करा: कप्पा वेगळा झाला, लेबल आलं, दिवा बदलला. मग बोर्डावर दोन ओळी, ‘असं कळलं, म्हणून असं केलं.’ पहिल्या दोन महिन्यांत एवढंच सांभाळलं तरी फॉर्म वाढतात. आणि कृपा करून ‘शून्य घटनांचा वॉर्ड’ असं बक्षीस ठेवू नका. बक्षीस घटना न होण्याचं नसतं, न सांगण्याचं असतं.

एक गोंधळ पहिल्याच दिवशी मिटवा. इंजेक्शन बरोबर दिलं आणि तरी अंगावर पुरळ आलं, तर ती औषधाची प्रतिक्रिया आहे, चूक नाही. ती गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडे जाते, १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे. ती कळवण्यात कोणाला धोका नसतो, त्यामुळे कळवण्याची सवय लावायला हा चांगला पहिला सराव आहे.

कोर्टाची भीती डॉक्टरांना जास्त असते आणि ती अगदीच निराधार नाही. अशा अंतर्गत अहवालांना अमेरिकेत २००५ च्या कायद्याने संरक्षण आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून इन्सिडेंट फॉर्मवर फक्त घडलेलं लिहायचं, मत आणि दोषारोप नाही, आणि तो केसपेपरला जोडायचा नाही. पण पेशंटला काय दिलं गेलं, काय परिणाम झाला, काय उपचार केले, हे केसपेपरवर वेळेसह आलंच पाहिजे. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. एक रेघ मारून सही, तारीख, वेळ. मागणी आल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात आणि नंतर घातलेली ओळ वकिलाला पहिल्या नजरेत दिसते. नातेवाइकांशी बोलायचं ते सीनियर डॉक्टरांनी, लवकर, बसून. हे काम ज्युनियर आरएमओवर, म्हणजे निवासी डॉक्टरवर, ढकललं की भांडण ठरलेलं.

आता डॉक्टरांकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. सिस्टरला चूक दिसते, ती बोलत नाही, कारण मागच्या वेळी बोलली तेव्हा सगळ्यांसमोर ‘तू डॉक्टर आहेस का?’ ऐकून घ्यावं लागलं. यावर दोन्ही बाजूंनी काम लागतं. सिस्टरना ठरलेली वाक्यं द्या आणि ती तोंडपाठ करून घ्या: ‘सर, मला शंका आहे.’ उत्तर आलं नाही तर ‘सर, मला हे सुरक्षित वाटत नाही.’ तरीही नाही तर ‘सर, थांबा,’ आणि मेडिकल सुपरिंटेंडेंटना फोन. ठरलेलं वाक्य असलं की ते उद्धटपणा न वाटता नियम वाटतं, हा त्याचा मोठा फायदा.

रात्रीच्या फोनचंही तसंच. ‘सर, बारा नंबरचा पेशंट बरोबर वाटत नाहीये’ असं सांगितलं की पलीकडून ‘सलाईन वाढवा’ येतं आणि फोन ठेवला जातो. त्याऐवजी असं बोलायला शिकवा: ‘सर, मॅटर्निटी वॉर्डातून बोलतेय. बेड बारा, आज दुपारी चारला सिझर झालंय. बीपी ११० होतं, आता ८४ आहे, पल्स १२८. तासात दोन पॅड पूर्ण भिजले. मला ब्लीडिंग वाटतंय, तुम्ही आत्ता यायला हवं.’ कोण, आधी काय, आता काय, मला काय वाटतं, काय हवंय. तोंडी ऑर्डर आली तर लिहून परत वाचून दाखवायची आणि समोरून ‘बरोबर’ ऐकायचं. जोडीला फोन कधी करायचाच, याचे आकडे तुमच्या फिजिशियनकडून ठरवून भिंतीवर लावा, उदाहरणार्थ वरचं बीपी ९० च्या खाली, पल्स १३० च्या वर, ऑक्सिजन ९० च्या खाली, नव्याने आलेली गुंगी. त्या आकड्यांवर केलेल्या फोनबद्दल कोणी ओरडलं तर तो इन्सिडेंट धरायचा, हे डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये मालकांनीच सांगायला हवं.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेची (डब्ल्यूएचओ) सर्जिकल चेकलिस्ट तुमच्याकडे असेलच. २००८ पासून ती जगभर आहे: १९ मुद्दे, तीन थांबे, भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी. बऱ्याच ठिकाणी सकाळी ऑपरेशनची लिस्ट लागली की सगळ्या पेशंटच्या चेकलिस्टवर सगळ्या खुणा एकदम होतात. तपासायचं असेल तर पेशंट ओटीत येण्याआधी त्याची फाइल उघडून बघा. हे मोडायचा सोपा मार्ग असा: फ्लोअर सिस्टर मोठ्याने नाव, ऑपरेशन आणि बाजू वाचेल, सगळे हात थांबवतील, आणि ते होईपर्यंत स्क्रब सिस्टर ब्लेड देणार नाही. व्हिजिटिंग सर्जन सुरुवातीला वैतागतात. ज्यांच्या सगळ्यात जास्त केस असतात अशा एकाच सर्जनना आधी तयार करा. बाकीचे त्यांचं बघून येतात. मालक ‘अहो, ते केस घेऊन दुसरीकडे जातील’ म्हणाले, तर प्रश्न संस्कृतीचा नाही, धंद्याचा आहे आणि तो तुम्ही सोडवू शकत नाही. तेव्हा ओटी सोडून वॉर्डापासून सुरुवात करा.

वॉर्डात रोज सकाळी ओव्हर झाल्यावर उभ्या-उभ्या पाच मिनिटं चार प्रश्न: एकाच नावाचे दोन पेशंट आहेत का? आज कोण पडू शकतं? धोक्याची औषधं कोणाला चालू आहेत? काय बिघडलंय? पहिला प्रश्न आपल्याकडे फार कामाचा आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या वॉर्डात दोन-तीन पाटील कधीही असतात. ‘तुम्ही सुनीता पाटील ना?’ असं विचारलं तर अर्धवट झोपेतली बाई ‘हो’ म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं आणि बँडवरचा नोंदणी क्रमांक केसपेपरशी जुळवायचा. बेड नंबर ही ओळख नाही, बेड बदलतात. तुमच्याकडच्या इंजेक्शनच्या घटनेतही हेच झालं असण्याची शक्यता बरीच आहे, बघा.

मोजताना पहिल्या वर्षी फॉर्मची संख्या वाढली पाहिजे, हे मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आलेख वर गेला की घबराट होते. शंभर खाटांत औषधाची एकही चूक नाही, हे एनएबीएचच्या असेसरलाही, म्हणजे तपासायला येणाऱ्यालाही, पटत नाही. बघायचं ते असं: पेशंटपर्यंत न पोचलेल्या घटनांचं प्रमाण वाढतंय का, किती जणी स्वतःचं नाव घालून लिहितात, फॉर्म ते बदल यात किती दिवस जातात. वर्षातून एकदा निनावी प्रश्नावली घ्या. अमेरिकेतल्या एएचआरक्यू या सरकारी संस्थेची प्रश्नावली त्यासाठी बरीच वापरली जाते, तिचं मराठी तुमच्या सिस्टरना कळेल असं करून घ्या. ज्या विभागातून पाचापेक्षा कमी उत्तरं आली त्याचा निकाल वेगळा दाखवू नका, माणसं ओळखू येतात. पहिली प्रश्नावली मेमोचा निर्णय लागल्यावर दोन महिन्यांनी घ्या आणि सरकारी भरतीचे निकाल लागायचा काळ टाळा, तेव्हा निवड झालेल्या सिस्टर नोकरी सोडत असतात. निम्म्या जणी नोटिस पिरियडवर असतील तर उत्तरं खरी येतात, पण पुढच्या वर्षी तुलना करायला त्यातल्या कोणी उरत नाहीत.